सीमेच्या रेघेखालची गंगा

बेल्याहून बस पकडायची होती, पण आई मला आधी नदीवर घेऊन गेली. आमच्या गावातून कुणी लांब निघालं की घोटाभर पाण्यात उभं राहून कुठे चाललो ते नदीला सांगायचं आणि ओंजळभर पाणी प्यायचं, मगच पिशवी उचलायची, अशी रीत. "गंगेले सांग, हैदराबादेले चालली म्हणून. न सांगता गेलं तं ते वाट पायत बसते," आई म्हणाली. शाळेच्या पुस्तकात नदीचं नाव पैनगंगा, गावात नुसती गंगा. मी सांगितलं आणि निघाले.

आमचं गाव तेव्हाच्या आंध्रात, आईचं माहेर समोरच्या काठावर, म्हणजे महाराष्ट्रात. आम्हाला ते दुसरं राज्य कधी वाटलं नाही, नुसतं पल्याड वाटलं. पाणी ओसरलं की मामा तिकडून हाक मारायचा, आई इकडून ओ द्यायची. कुणाकडे बारसं आहे, कुणाची म्हैस व्याली, सगळं पाण्यावरूनच कळायचं.

हैदराबादेत ट्रेसरचा, म्हणजे नकाशे गिरवून काढायचा, कोर्स केला आणि शाळांचे भिंतीवरचे नकाशे छापणाऱ्या एका छापखान्यात लागले. काचीगुड्याला खोली घेतली, तेलुगू शिकले, सकाळी भाकरीऐवजी इडली गिळायला लागले. गावी बोलताना 'म्हणजे'च्या जागी मध्येच 'अंटे' तोंडात यायचं आणि आई हसायची. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढचीच आहे. एका वर्षी आदिलाबाद जिल्ह्याचा नकाशा माझ्या टेबलावर आला. गोदावरी काढली, बाजारहत्नूरकडून येणारी कडेम काढली. मग वर उत्तरेला, हात जरा जास्तच जपून, निळ्या शाईने गंगा काढली आणि शेजारी तिचं नाव लिहिलं. मॅनेजरने कागद परत पाठवला. निळ्यावर सीमेची जाड काळी रेघ मारा, नाव काढून टाका.

मी तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. नदीचं नाव का नको?

"लकीर दिख री ना? बस. नाम उधर वाले लिख लेंगे."

मी भांडले. नदी आधीपासून वाहतेय, राज्यं काल झाली. ज्या पोरांच्या दाराशी ती वाहते, त्यांनी भिंतीवर पाहावं तर त्यांची नदीच नाही? तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, आप तो महाराष्ट्र के हैं ना." माझा जन्म इथला, शाळा इथली, रेशनकार्ड इथलं. आणि मामाच्या गावात गेले की तिथल्या बायका मला 'आंध्रावाली' म्हणायच्या. अलीकडच्यांनी पलीकडे ढकलायचं आणि पलीकडच्यांनी अलीकडे, नदीला आणि मला एकच न्याय. मी रेघ मारली नाही. शेजारच्या टेबलावरच्या ट्रेसरने मारली आणि नकाशा छापून झाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतकी चीड आली होती.

दिवाळीला त्याची एक प्रत गावी नेली. आमच्या शाळेतही तोच लागणार होता. आईने ओट्यावर पसरला. तिला तेलुगू वाचता येत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून एकेक गाव दाखवलं. बोथ दाखवलं, बेला दाखवलं.

"अन् गंगा कुठी हाये?"

"ही राज्याची सीमा. तिच्याखाली आहे."

तिने त्या काळ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"काऊन वं, एवढे वर्सं आमी सीमेवर धुणं धुऊन राह्यलो काय?"

तिने नकाशा गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि धुण्याची बादली उचलून नदीवर गेली.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं हैदराबादेत, नागपुरात पांगलेल्यांनो, 'तुम्ही मूळचे कुठले' असं कुणी विचारलं की आपण चाचरतो. तिकडचे, पण इकडचे, असं काहीतरी पुटपुटतो. मी आता ते सोडून दिलंय. सरळ नदीचं नाव सांगते. नकाशात सापडत नाही म्हणाले, तर तो तुमच्या नकाशाचा दोष आहे म्हणते.

माझं घर त्या काळ्या रेघेखाली आहे. आई आता नाही, मामाची हाकही नाही, तरी मी जाते आणि घोटाभर पाण्यात उभी राहते. निघताना सांगायची आपली रीत आहे. मी पोहोचल्यावरही सांगते, मी आले म्हणून.