नूरीचे पाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भाईला तर नाहीच. सांगायला तोंड उघडलं नाही असं नाही — पण दरवेळी दुसरंच काहीतरी बोलून मोकळा झालो.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. भाट्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या पोरांना घोडीवरून फिरवायचा. घोडी एकच, नूरी. पावसाळ्यात किनारा बंद, म्हणजे ती तबेल्यात उभी. आणि घोडं नुसतं उभं राहिलं की मागचे पाय सुजतात. दोन्ही, सारखेच. गरम लागत नाहीत, दुखत नाहीत. अंगठ्याने दाबलं की खळगा राहतो, बस्स. इलाज साधा — सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालवायचं, चणे कमी करायचे. भाई ते कधी चुकवत नसे.

१९९९ च्या पावसाळ्यात भाई चिऱ्याच्या पायरीवरून घसरला आणि पाय मोडून खाटेवर पडला. मी तेव्हा कुवेतची नोकरी सुटून घरीच होतो. नूरी माझ्याकडे आली.

चार दिवस चालवली, खोटं कशाला सांगू? पाचव्या दिवशी बाजारात शाळेतला एक दोस्त भेटला. हसत म्हणाला, "काय रे, कुवेत सोडून घोडी राखतोस काय?" झालं. एवढंच. सेंट मारून फिरणारा माणूस मी — मला लाज वाटली. कसली लाज, कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून — आता सांगतोच — मी तिला भाईच्या खिडकीसमोरून न्यायचो आणि मागच्या बागेत अवजारं ठेवायच्या मांगरात बांधून ठेवायचो. अर्धा तास बिड्या ओढत बसायचो. मग तिच्या पायांना लाल चिखल फासून परत आणायचो. भाई विचारायचा, "फिरवलंस काय तिला?" मी म्हणायचो, "हां भाई." चिखल फासायचे कष्ट घेतले, चालायचे नाही.

महिन्याभराने भाई कुबड्या घेऊन तबेल्यात आला. नूरीचे पाय खांबासारखे झालेले. गुरांच्या डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, रोज चालवता ना? उत्तर भाईनेच दिलं. दोन वेळा, म्हणाला, माझा भाऊ स्वतः नेतो. मी बाजूलाच उभा होतो. गोळ्यांनी सूज उतरेना. कशी उतरणार? मग भाईने ठरवलं, आतच काहीतरी बिघडलंय. त्याने वरच्या गावातून तापल्या सळईने डाग देणारा माणूस बोलावला.

सळई लाल होईपर्यंत वेळ होता. पुष्कळ वेळ होता. मी तिला चालवलीच नाही — एवढंच बोलायचं होतं ना? नाही बोललो. ती हलू नये म्हणून तिच्या ओठाला पीळ घातलेली दोरी धरून उभा राहिलो. दोन्ही पायांवर तीन-तीन डाग. केस जळल्याचा वास. ती नुसती थरथरत होती, आणि भाई कुबड्यांवर रडत तिला म्हणत होता, "माफ कर गो बाय."

जखमा सुकल्यावर मी तिला खरोखर चालवायला लागलो. भर बाजारातून, दोन वेळा. आठ दिवसांत सूज गेली. भाई मोहल्ल्यात सांगत सुटला, डाग लागू पडला. आणि माझ्या भावाने तिची फार सेवा केली. मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

नूरीने नंतर मागून कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पोरं बसवायची सोय उरली नाही, म्हणून पुढच्या वर्षी भाईने बादल आणला. तीन वर्षांचा, अंगाने हलका, फार गरीब स्वभावाचा. पावसाळ्यात त्याचेही पाय सुजले, तसेच, दोन्ही. भाईचा पाय तोवर बरा झाला होता. चालवायचं म्हटलं असतं तर त्याने चालवला असता. पण तो थांबला नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने त्या माणसाला बोलावणं धाडलं. चालवून काही उपयोग होत नाही, हे तो माझ्याकडूनच शिकला होता.

बादलची दोरीही मीच धरली. तेव्हाही बोललो नाही.