कार्डात भरलेला आवाज

"सर, एकदा लावून तर बघू," असं म्हणत ती ओढणीच्या टोकाने टीव्हीची काच पुसायची. वीज असो वा नसो, काच आधी पुसली जायची. तो टीव्ही कुठल्याशा कंपनीने शाळेला भेट दिलेला. दसऱ्याला मी त्याला झेंडूचं फूल वाहायचो. आधुनिक तंत्रज्ञानाशी माझा संबंध तेवढाच.

तुमच्याही पाहण्यात अशी एखादी डी.एड.ची मुलगी आली असेल. शिकवण्याच्या सरावासाठी कॉलेजने तिला आमच्याकडे पाठवलं होतं. पेणपासून आत, डोंगराच्या पायथ्याला, वाडीवरची दोन खोल्यांची शाळा. ती रोह्याहून एसटीने यायची, उरलेली वाट चालत. वडील धाटावच्या कंपनीत, त्यामुळे घरात शिफ्टची शिस्त. उशीर तिला ठाऊकच नव्हता. वीज गेली की मोबाइल उंच धरून गोष्ट दाखवायची आणि पोरं तिच्या अंगावर चढायची.

"अगं, पाडतील तुला!" मी ओरडायचो.

"पाडू देत सर, बघतायत ना!"

त्या पोरांत दुसरीतली सुमी होती. तिची अक्षरं नुकती कुठे जुळायला लागली होती. 'कमळ', 'नळ' असं बोट ठेवून वाचायची आणि वाचून झालं की बाईंच्या तोंडाकडे बघायची. हिला पुरतं वाचता आलं पाहिजे, असं त्या मुलीने मनावरच घेतलं. मी मनात म्हणायचो, दिवाळी तोंडावर आली, आता कसलं वाचन! आमच्या वाडीतली माणसं गणपतीपर्यंत हमरापूरकडे मूर्तींच्या कारखान्यांत मजुरीला जातात आणि दिवाळी झाली की बिऱ्हाडासकट वीटभट्टीवर. पोरंही बरोबर. परत येतात तेव्हा पाटीवरची पेन्सिल कशी धरायची तेही विसरलेली असतात. हे बघून बघून माझ्या मनाला घट्टे पडले होते. तिच्या मनाला अजून पडायचे होते.

सुमीचा बाप निघायच्या तयारीत होता तेव्हा तिने त्याचा फोन मागितला. बटणांचा फोन, गाणी वाजवणारा.

"दादा, यात मेमरी कार्ड जातं का?"

"जातंय की. गाणी हायत त्यात."

"मी धडे भरून देते. सुमीला रोज ऐकवाल ना?"

"ऐकवतो, बाई. ती बारक्याला घेऊन खोपीतच असते दिसभर."

दुसरीचं अख्खं पुस्तक तिने आपल्या आवाजात भरलं. 'पान उलट. ससा दिसला? त्याच्याखाली बोट ठेव. आता माझ्या मागून म्हण.' म्हणायला मध्ये जागाही सोडलेली. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुमीच्या हातात दिलं. प्राथमिक वर्गातल्या तंत्रज्ञानाच्या वापरावर तिला कॉलेजात निबंध सादर करायचा होता, त्यात तिने हेच लिहिलं. फार कौतुक झालं म्हणे. मीही खूश होतो. आपल्याला जन्मभर जमलं नाही ते ही पोरगी करून दाखवणार, असं खरंच वाटलं होतं मला.

जूनमध्ये शाळा पुन्हा सुरू झाली तोवर त्या मुलीचं कॉलेज संपलं होतं. सुमी परत आल्याचं मी तिला कळवलं, तशी ती दुसऱ्याच दिवशी आली. पिशवीत सुमीसाठी गोष्टीचं नवंकोरं पुस्तक. ओसरीवर सुमीला समोर बसवून तिने ते उघडलं.

"वाच गं."

सुमीने न अडखळता सुरुवात केली. "पान उलट. ससा दिसला? त्याच्याखाली बोट ठेव." बाईंचाच सूर, बाईंचाच ठसका. सोडलेल्या जागांवर ती तेवढाच वेळ थांबतही होती. पानावर चित्र होतं हत्तीचं.

बाईने एका शब्दावर बोट ठेवलं. शब्द होता 'कमळ'. सुमी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, म्होरचं म्हणू?"

"तुझं पुस्तक कुठाय, सुमी?"

"बारक्यानं फाडलं. भट्टीवर गेलो तवाच." बाई रागावली असं तिला वाटलं असावं. "पन मी समदं ऐकलंय, बाई. रोज ऐकलंय."

"शाब्बास," म्हणत बाईने तिला जवळ घेतलं. सुमी खुशीत पळाली.

"सर, जाताना तिला कमळ वाचता येत होतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, भट्टीवरून आलेलं कुठलं पोर वाचतं? त्यात तुझा काय दोष?" धीर द्यायला बोललो, पण ते ऐकून ती आणखीच खचली. माझ्या त्या वाक्याची मला आजही चीड येते.

शिक्षक पात्रता परीक्षेचा फॉर्म तिने भरलाच नाही. आता धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. सुमी पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा गेली, ती मात्र परत आलीच नाही. त्या भट्टीवरून तिच्या घरचे घाटावर कुठेतरी गेले, एवढंच वाडीवर कळलं. बापाचा फोन लागत नाही.

मध्यंतरी बाईचा फोन आला होता. मागे यंत्रांची घरघर.

"सुमी आली का, सर?"

"नाही गं."

"आणि कार्ड?"

"बरोबर नेलंय. जाताना बाप सांगत होता, त्या आवाजावर बारकासुद्धा गप बसतो."

  ती अगदी हळू म्हणाली, "सर, तो माझा आवाज आता बंद कसा करायचा हो?"