आभाळाची आणेवारी

अख्ख्या नाशकात उन्हाची जितकी काळजी आमच्या काकांना आहे, तितकी खुद्द सूर्याला तरी असेल की नाही, मला शंका आहे. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पेठ-सुरगाण्याच्या जंगलांत नोकरी करून वनपाल म्हणून निवृत्त झाले, पण जंगल काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. कुठलंही झाड दिसलं की त्याच्याखाली उताणं पडायचं आणि फांद्यांमधून आभाळ किती दिसतं ते आण्यांत सांगायचं, ही त्यांची पद्धत. मोकळं माळरान सोळा आणे, घनदाट रान दोन आणे. निफाडला माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आत हे गृहस्थ नव्या झब्ब्यानिशी आंब्याखाली आडवे झाले. चक्कर आली असं समजून वऱ्हाड धावलं. "आरं पाणी आना! लय घाम आलाय यांना!" नवरदेवाचा मामा ओरडला आणि कुणीतरी फोडलेला कांदा नाकाशी धरला. काकांनी तो शांतपणे बाजूला सारला. म्हणाले, "तीन आणे. मधली फांदी काढा, नाहीतर खाली गवताची काडी येणार नाही."

माणसांचीही ते अशीच वर्गवारी करतात. मी अंबडच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढली, म्हणून मी सावलीतलं झाड. माझी मुलगी साग. तिला डोक्यावर ऊन लागतं म्हणून आमच्याकडे आले की आधी तिचं अभ्यासाचं टेबल खिडकीशी ओढतात, मग चहा घेतात. आमच्या हिला याचा भयंकर राग येतो. टेबल मात्र तिथेच राहतं.

खरी पंचाईत झाली ती आमच्या कॉलनीमागच्या टेकडीवर. आठ वर्षांपूर्वी कॉलनीतल्या लोकांनी तिथे आपापल्या गेलेल्या माणसांच्या नावाने झाडं लावली, प्रत्येकाला नावाची पाटी. हौसेपोटी इतकी जवळजवळ लावली की झाडं उन्हासाठी एकमेकांवर चढून काठीसारखी उंच झाली. खाली नुसता पाचोळा, आणि बुटकी झाडं पिवळी पडून वाळायला लागलेली. काका तिथे आडवे झाले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. "अर्धा आणा," ते म्हणाले. "तिनातलं एक काढलं नाही तर तिन्ही जातील. परवानगीचं मी बघतो."

कॉलनी खवळली. "माझ्या सासूबाईंना हात लावायचा नाही!" शिंदेवहिनी कडाडल्या. हयातीत या सासूबाईंशी त्यांचा छत्तीसचा आकडा होता. काका वाद घालत बसले नाहीत. गेरूचा डबा घेऊन ते सरळ एका करंजाकडे गेले आणि कापायच्या झाडाची खूण म्हणून त्याच्या बुंध्यावर गोल पट्टा ओढला. पाटीवर माझ्या मावशीचं नाव होतं.

"काका, अहो हे कशाला?" मला राहवलं नाही.

"सगळ्यांत जास्त पसरलंय ते. पाच जणांचं ऊन अडवतंय." पट्टा वाकडा आला होता. "हिनं जन्मात कुणाचं ऊन अडवलं नाही. आता कशाला अडवेल?"

आठवडाभरात लोकांनी आपणहून झाडं सांगितली. शिंदेवहिनी सगळ्यांत शेवटी आल्या आणि सासूबाईंचं झाड कापताना सर्वांत जास्त त्याच रडल्या.

आता टेकडीवर गवत आलंय, उरलेली झाडं अंगाने भरलीत. परवा थंडीत सकाळी वर गेलो तर काका त्या करंजाच्या खुंटाशेजारी बसलेले. मी गमतीने विचारलं, "काका, आज किती आणे?"

त्यांनी वर पाहिलंच नाही. "आज मोजत नाही रे. हिला कोवळं ऊन फार आवडायचं."

खुंटाला कडेने चार पोपटी पानं फुटली होती आणि माझी सावली नेमकी त्यांच्यावर पडली होती. एरवी काका खेकसले असते. मी आपणहूनच बाजूला सरकलो.