फुकटची कॅसेट आणि टीव्हीचं कव्हर

दुकानात रिकामी खोकी जशी माळ्यावर साठत जातात, तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम ठेवत नाही आणि कुणाला टाकवतही नाहीत. मी शिरूरला हमीदभाईंच्या टीव्ही-मिक्सरच्या दुकानात सात-आठ वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर होतो. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले, आणि आमचा माळा किश्शांनीही भरला आणि खोक्यांनीही!

*

सेटच्या पोटातच आठ-दहा खेळ असायचे. वर कंपनीची स्कीम : प्रत्येक सेटबरोबर मोटारींच्या शर्यतीची एक कॅसेट फुकट.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नाथाआप्पा. घोडनदीच्या काठाला त्यांची बागायती. नातवंडं येतात म्हणून सेट घेतला, पैसे मोजून दिले, आणि कॅसेट हातात धरून विचारलं, "ही कशापायी?"

"फुकट हाय आप्पा," हमीदभाई म्हणाले. "मोटारी पळवायचा खेळ."

"खेळ हायेत की आत. हिच्या बदली टीव्हीला कव्हर द्या. धूळ लई बसती."

हमीदभाईंनी झालरीचं कव्हर दिलं आणि कॅसेट माळ्यावर टाकली. ही बातमी तालुकाभर गेली. पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक आल्या आल्या म्हणायचं, "ते कव्हरवालं मशीन दाखवा!"

*

कंपनीकडे मात्र सेट गेला म्हणजे कॅसेटही खपली, असा हिशोब. पुण्याहून एरिया मॅनेजर सानेसाहेब आले. सडपातळ माणूस, कायम टाय, आणि चहाला कायम नाही म्हणायचे.

"हमीदभाई, अख्ख्या एरियात मोटारीचा खेळ तुमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो. शिरूरला गाड्यांचं एवढं वेड कसं?"

हमीदभाईंना खोटं बोलवत नसे आणि खरं सांगायची सोय नव्हती. ते म्हणाले, "गाव हायवेला हाय ना साहेब!"

साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात कंपनीचा टेम्पो आला. आत त्याच मोटारीच्या शंभर सुट्या कॅसेटी!

*

मे महिन्यात सेट दुपटीनं खपायचे. कंपनीनं निष्कर्ष काढला की शाळांना सुट्टी लागते म्हणून. पुढच्या मे महिन्यात त्यांनी सेटबरोबर रंगीत दप्तर दिलं.

खरेदीला येत होते ते लग्नसराईतले नवरीचे मामा. सेट रुखवतावर मांडायला हवा असायचा. कोरेगाव भीमाच्या एका मामांना मी विचारलं, "मामा, मिक्सर का नाही देत?"

"मिक्सर दिला की पाहुणे इचारत्यात, कंपनी कुठली. ह्या खेळातली कंपनी कुणालाच ठाव न्हाई. नावं ठेवायला जागाच न्हाई!"

त्या वर्षी आठवडे बाजारात निम्मे मामा पाठीवर दप्तर टाकून भाजी नेत होते.

*

हमीदभाईंचे मेहुणे सलीम यांचं दुकान दौंडला, स्टेशनजवळ. त्यांच्याकडे टीव्हीवर नेम धरायच्या प्लॅस्टिकच्या बंदुकीचा सेट असा खपला की साहेब वाटेतल्या केडगावपासूनच आनंदात आले. दौंडला नेमबाजीची आवड आहे म्हणून पोस्टर छापायचं ठरत होतं.

तेवढ्यात एक बागायतदार आला. "सलीमभाई, नुसती बंदूक मिळंल का? पहिली माकडानं नेली."

साहेबांनी विचारलं, "माकडानं?"

"व्हय. डाळिंबात माकडं येत्यात. बंदूक रोखली की पळत्यात. मशीन तसंच हाय, डब्यात."

पोस्टर छापलं नाही.

*

त्यानंतर साहेबांना संशय आला. ते शिरूरला आले आणि कुणाला न विचारता माळ्यावर चढले. फुकटच्या सगळ्या कॅसेटी तिथंच, शंभर सुट्याही तिथंच. खाली उतरले तेव्हा टायला जळमट लागलं होतं.

"यापुढे सेटबरोबरची कॅसेट हिशोबात धरणार नाही. सुटी कॅसेट खपली तरच तुमची एजन्सी राहील. नाहीतर ती पुण्याला जाईल."

एजन्सी गेली की दुरुस्तीचं टेबल जाणार, आणि टेबलाबरोबर मीही. माझं नुकतंच लग्न झालं होतं.

तिसऱ्या दिवशी हमीदभाईंनी पाटी लावली : "कॅसेट घ्या, सेट फुकट!" किंमत तीच, फक्त सेटवरची किमतीची चिठ्ठी काढून कॅसेटला चिकटवलेली.

महिनाअखेरीला साहेबांनी विक्रीचा कागद पाहिला. "कॅसेटी खपल्या, आणि सेट एकही नाही? मग लोक कॅसेट लावतात कशात?"

"फुकटच्या सेटात, साहेब!"

मी हसलो. साहेब हसले नाहीत.

*

साहेबांनी पाटी स्वतः काढली आणि खुर्ची ओढून काउंटरशेजारी बसले. "आज दुकान बंद होईपर्यंत मी इथं आहे. फुकटचं काही नको, फक्त खेळ हवा, असा एक माणूस दाखवा. एक! एजन्सी तुमची."

सकाळपासून इस्त्री, पंखा, मिक्सरचं भांडं, असंच सगळं खपलं. दुपारी एक जण गेम मागायला आला तेव्हा हमीदभाई उठून उभे राहिले. त्याला कॅरम हवा होता. मी माझे स्क्रू-ड्रायव्हर पुसून डब्यात भरायला घेतले. हमीदभाईंनी ते पाहिलं आणि मान वळवली. मला फार वाईट वाटलं, माझ्यापेक्षा त्यांच्यासाठी.

पाचच्या सुमारास नाथाआप्पा आले. काखेत पिशवी. त्यातून त्यांनी झालरीचं कव्हर काढलं, धुऊन घडी घातलेलं, आणि काउंटरवर ठेवलं.

"हमीदभाई, हे घ्या परत. माझी मोटारीची कॅसेट द्या."

साहेब ताठ बसले. "आजोबा, कव्हर खराब निघालं का?"

"न्हाई वो. म्हातारी लेकीकडं गेलती, तिथं मोटारी पळवून आली. आता घरी धा दिस झालं, दुसरं बोलणंच न्हाई. म्हणती धूळ बसू द्या, पर कॅसेट आणा."

मी माळ्यावर कधी चढलो ते मलाच कळलं नाही.

कॅसेट आणून दिली. साहेबांनी डायरी उघडली, पेन धरलं. "हमीदभाई, हे लिहायचं कसं? सेट नाही, पैसे नाहीत, पावती नाही."

"लिहा साहेब, एक कव्हर परत आलं."

साहेबांनी ते तसंच लिहिलं. मग बॅगेतून एजन्सीचा कागद काढून सही केली, आणि पहिल्यांदाच म्हणाले, "चहा सांगा."

"माझा नको," आप्पा पायरी उतरता उतरता म्हणाले, "ती टीव्ही लावून बसलीया!"