केतकीच्या नकाशावर माझी चिठ्ठी

हिंजवडीजवळच्या आमच्या ऑफिसातून तेलाचा थेंब कधी निघाला नाही, किस्से मात्र ढिगानं निघाले! समुद्राखाली कुठं तेल असेल, किती असेल, याचा अंदाज आम्ही परदेशी कंपन्यांना द्यायचो. २००६-०७च्या सुमाराचं सांगतेय. जुनी मंडळी भेटली की अजून एखादा नवा किस्सा निघतोच.

ऑफिसजवळच्या चांदे गावात खोली घेतली तेव्हा घरमालक तात्यांनी विचारलं, "काय काम करता तुमी?"

"समुद्राखाली तेल सापडायची शक्यता सांगते."

"मंग घावतंय का?"

"पाचातल्या चार विहिरी कोरड्याच जातात, तात्या."

"आन तरीबी कामावर ठिवलंय? लई भले लोक हायेत!"

*

केतकी आणि मी एकाच दिवशी रुजू झालो. ती पुण्याची, मी लातूरची. खिडकीजवळची जागा तिला, मोठा मॉनिटर तिला, सरांची शाबासकीही तिलाच. मी जळायचे. उघड सांगते, जाम जळायचे!

तेल सापडायला चार गोष्टी जमाव्या लागतात: तेल तयार करणारा खडक, साठवणारा खडक, अडवणारा सापळा आणि वर घट्ट झाकण. चारींच्या शक्यतांचा गुणाकार करायचा. एकदा केतकी कँटीनमध्ये म्हणाली, "स्थळ आलंय. आई म्हणते, शिक्षण, नोकरी, घर, स्वभाव, सगळ्यात मुलगा ऐंशी टक्के!"

सर चहा ढवळत म्हणाले, "गुणाकार कर. एक्केचाळीसच उरतात!"

तिनं नकार कळवला. मला तर गुणायलाही कुणी नव्हतं!

*

तेल किती निघेल याच्या अंदाजात आकडे तीन. छोटा जवळजवळ खात्रीचा, मोठा नशिबाचा, आणि एक मधला. केतकीच्या वाढदिवसाला सरांनी मोठा आकडा धरून चाळीस वडे मागवले. चाळीसच्या चाळीस माणसं आली. माझ्या वाढदिवसालाही चाळीस मागवले. खात्रीचे आठजण आले.

*

कोळवणला सहलीला गेलो, तर तिथल्या शेतकऱ्यानं बोअरची जागा विचारली. केतकीनं दाखवली, आणि पाणी लागलं! ती प्रामाणिकपणे म्हणाली, "काका, शक्यता तीसच टक्के होती हो."

"बाई, टक्के तुमी ठिवा. हितं पानी लागलंय!"

त्यांनी तिला आंबेमोहोर दिला. त्यातला दोन किलो तिनं मला आणून दिला. भाताचा वास घरभर सुटला, आणि मी चिडून दोनदा वाढून घेतला.

*

मग नॉर्वेची जागा निघाली. वर्षभरासाठी, एकच. नावं दोन, केतकी आणि मी.

आमच्याकडे रीत अशी की कुणी कुणाच्या मतानं वाहवत जाऊ नये म्हणून बैठकीआधी प्रत्येकानं तेल सापडायच्या शक्यतेचा आपला आकडा आणि कारण चिठ्ठीवर लिहून द्यायचं. या खेपेला विहिरीची जागा सुचवणारा नकाशा केतकीचा होता. सगळ्यांनी तीस टक्क्यांच्या आसपास लिहिलं. मलाही मनातून तीसच वाटत होते. मी लिहिले दहा. कारण काहीतरी हवं म्हणून खरडलं, 'झाकण गळकं.'

काही महिन्यांनी विहीर खणली. कोरडी! झाकणातून तेल कधीच निसटून गेलं होतं.

"एकटीनं ओळखलं!" सर सगळ्यांसमोर म्हणाले. "याला म्हणतात स्वतंत्र मत!"

नॉर्वे मला मिळालं.

निघायच्या आदल्या दिवशी केतकी माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, आता भांडणार. तिनं तोच नकाशा स्क्रीनवर उघडला, वही काढली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

"झाकण गळतंय, हे तुला कुठं दिसलं गं? मी महिनाभर शोधतेय, मला दिसतच नाहीये. एकदा बोट ठेवून दाखव ना."