क्यू हवाय, लाटणं नाही
पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज आला की माझं तोंड अजून कडू होतं. बिलियर्ड्ससारखा पूल खेळायचं वेड होतं तेव्हा स्वतःच्या मापाचा क्यू, म्हणजे चेंडू मारायची लांब काठी, करून घ्यायला मी सिन्नरला लाकूड कातणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो होतो. दुकानात लाटणी, पाळण्याचे रंगीत खांब आणि ताज्या भुशाचा वास. त्या म्हाताऱ्या बाबांनी माळ्यावरून शिसवीचा लांब दांडा काढला आणि फरशीवर घरंगळत सोडला. तो जराही न अडखळता भिंतीपर्यंत गेला. "चार पावसाळे पाह्यलेलं लाकूड हाय भाऊ, आता नाय वाकायचं." मला तेव्हा शहाणपणा फार. "बाबा, क्यू हवाय, लाटणं नाही," असं हसत म्हणालो आणि व्हिडिओत चमकणाऱ्या मुंबईच्या एका कारागिराला ऑर्डर दिली. त्याचा नक्षीदार क्यू पहिल्याच पावसाळ्यात वाकला. मान खाली घालून सिन्नरला परत गेलो, तर बाबांनी माझ्या हातात एक शिसवी लाटणं ठेवलं. "तुमचाच दांडा हाय. तुम्ही लाटणं म्हणाले, मग कापून लाटणीच केली." दहा वर्षं झाली. घरात कुणी नसलं की मी ते ओट्यावर घरंगळत सोडून बघतो. केसभरही वाकलेलं नाही.