हेल्मेटवरचा नांगर

ही गोष्ट मी याआधी दोनदा मित्रांना सांगायला घेतली आणि दोन्ही वेळा स्वतःला जरा बरं दाखवून मोकळा झालो. आता घडली तशी लिहितो.

करोनाच्या पहिल्या वसंतात आम्ही रायस्वाइक या डच गावी तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. ऑफिस बंद, मुलीची शाळा बंद, बायकोच्या मीटिंगा बेडरूममध्ये. माझ्या वाट्याला जेवणाचं टेबल आलं होतं. त्या टेबलावर मी शाळेत सुटलेला छंद पुन्हा सुरू केला : प्लास्टिकचे बोटभर उंचीचे सैनिक जुळवायचे आणि रंगवायचे. जर्मन सैनिक काय, कुणीही करतं. मला चार लोकांपेक्षा वेगळं काहीतरी माहीत असावं लागतं, ही माझी जुनी खोड. म्हणून मी जपानी नौदलाचं पायदळ निवडलं.

म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावर उतरून लढणारे खलाशी. सुरुवातीला जहाजावरच्याच माणसांना बंदुका देऊन उतरवत, पुढे नाविक तळांवर त्यांच्या खास तुकड्या उभ्या राहिल्या. आधी शांघायच्या गल्ल्यांत लढले, मग पॅसिफिकमधल्या बेटांवर. लष्कराच्या हेल्मेटवर चांदणी असायची, यांच्या हेल्मेटवर जहाजाचा नांगर. पिंडऱ्यांना बुटावरून लेसने आवळलेले कॅनव्हासचे गेटर्स, हलक्या मशीनगनची गोळ्यांची पेटी वरून बसवलेली. हे सगळं मी जेवताना बायकोला सांगायचो. "आमटी गार होतेय," एवढंच ती म्हणायची.

त्या दिवसांत आमच्या भागात मुलांसाठी घरोघरी खिडकीत टेडी बेअर ठेवले होते. फिरायला निघालेली मुलं ते मोजत जायची. इथे खिडक्यांना पडदे असले तरी ते कुणी ओढत नाही, त्यामुळे खिडकी म्हणजे दुकानाची काच असल्यासारखीच असते. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने तिचा बेअर ठेवला. मी त्याच्या शेजारी माझे बारा सैनिक मांडले, त्यांची होडी आणि खरी वाळू आणून केलेल्या किनाऱ्यासकट.

आमच्याच इमारतीत, शेजारच्या जिन्याच्या फ्लॅटमध्ये पंचाऐंशीच्या एक बाई एकट्या राहायच्या. रोज अकराला चाकांचा वॉकर ढकलत निघायच्या आणि आमच्या खिडकीशी थांबून मुलीला हात करायच्या. मुलगी त्यांना ओमा म्हणायची, म्हणजे आजी. माझे सैनिक खिडकीत आले त्या दिवशी ओमा थांबल्या, वाकून पाहिलं आणि हात न करताच वळल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पलीकडच्या फुटपाथवरून जाऊ लागल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आजार आपण बाहेरच्यांनीच आणला असं वाटत असेल यांना," मी बायकोला म्हणालो. "गोड बोलतात तोवर बोलतात." बायको म्हणाली, बाईंना बरं नसेल. मी ऐकून घेतलं नाही. आठवडाभर मी त्या पलीकडून जाताना दिसल्या की मुद्दाम खिडकीत जाऊन उभा राहायचो. एका म्हाताऱ्या बाईला मी टक लावून बघत होतो, हे आज लिहिताना मान वर होत नाही.

शेवटी मुलीनेच अंगणातल्या बाकावर बसलेल्या ओमांना, आता खिडकीशी थांबत का नाही, असं विचारलं आणि धावत आत आली. "बाबा, शी नोज देम! ती लहान होती ना, तेव्हा ते सोल्जर्स तिच्या आयलंडवर आले होते."

ते बेट म्हणजे सेलेबेस. तेव्हाची डच वसाहत. तो सगळा टापू जपानी नौदलाच्या ताब्यात होता हे मला तोंडपाठ होतं. तिथे माणसं राहत असतील, त्यातली उरलेली म्हातारी होऊन माझ्या शेजारच्या जिन्यात राहत असतील, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. सैनिक त्याच क्षणी खिडकीतून काढायला हवे होते. पण मला आनंद झाला. प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस, आणि ते माझ्या शेजारी!

दुसऱ्या दिवशी मी बेसनाचे लाडू, वही आणि मुलगी घेऊन गेलो. माझं डच भाजी घेण्यापुरतं, म्हणून मुलगी दुभाषी. ओमा बाकावर, मी दीड मीटर अंतर राखून घडीच्या खुर्चीवर, मुलगी मध्ये उभी. ओमांनी मला 'मेनेर', म्हणजे साहेब, म्हटलं, लाडू मांडीवर ठेवला आणि मी विचारेन ते सांगत गेल्या.

गेटर्स त्यांना लख्ख आठवत होते. लेस बाहेरच्या बाजूने ओवलेली, खालचा पट्टा बुटाच्या तळाखालून गेलेला. कुणाच्या पायात अंगठ्याला वेगळी खोबण असलेले कापडी बूट. मी भराभर लिहीत होतो. इतकं नेमकं कसं आठवतं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की त्यांना डांबलं होतं त्या छावणीत पहारेकरी दिसला की कमरेत वाकायचं असा हुकूम होता, आणि तो पुढे जाईपर्यंत मान खालीच. सात वर्षांच्या मुलीला पायच दिसायचे.

इथे कुणीही शहाणा माणूस वही मिटेल. मी विचारलं, "आणि हेल्मेटवरचा नांगर? पितळी की रंगवलेला?" आमच्या छंदवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर यावरून महिनाभर जुंपली होती. ओमा म्हणाल्या, वर बघितलंच नाही. मी मुलीला म्हटलं, पुन्हा विचार, कधीतरी नजर गेलीच असेल. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "नीट आठवून बघा म्हणावं. एकदा तरी?"

मग त्या बराच वेळ बोलल्या. माझ्याकडे बघून नाही, मुलीकडे बघून. मी पेन धरून बसलो होतो. मुलीने वहीकडे बघत सांगितलं, "येलो. पेंटेड."

"एवढंच? इतकं बोलल्या त्या."

"एवढंच."

मी त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकलं : प्रत्यक्षदर्शीकडून खात्री, नांगर पिवळ्या रंगाने रंगवलेला. लोकांनी डोक्यावर घेतलं. तिघांनी तर आपापली हेल्मेटं तशी रंगवून फोटोही टाकले. मी दोन दिवस बारीक ब्रशने बारा नांगर पुन्हा काढले आणि मुलीला दाखवायला बोलावलं. ती आली नाही. टेबलाशी बसायलाही तयार होईना, ताट घेऊन बेडरूममध्ये गेली.

बायको बाहेर आली आणि दार लावून घेतलं. "तिने तुला सांगितलं नाही, मला सांगितलं. ओमांनी एकदा वर बघितलं होतं. कुतूहल म्हणून. त्याबद्दल त्यांच्या आईला बेदम मारलं, सगळ्यांसमोर, त्यांना उभं करून बघायला लावून. हे तुझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ऐकलं. आणि तुला रंग तेवढा सांगितला, कारण तुला तेवढाच हवा होता."

वाईट वाटलं असं लिहिणं खोटं होईल. लाज वाटली, आणि त्यातही पहिला विचार आला की आता हे कुणाकुणाला कळेल. इतका मी स्वतःच्या प्रेमात होतो. मुलीपुढे जाऊन बसलो, तर तीच मला म्हणाली, "इट्स ओके, बाबा." ते ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. माफीची तीन वाक्यं डचमध्ये पाठ केली होती, ती दारात उभा राहून म्हटली. एक चुकलं असावं, कारण ओमांनी ते हळूच दुरुस्त केलं. मग वॉकरला धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या की रंगाबद्दल सांगायचं राहिलंय. लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलत होत्या, त्यामुळे मला एकूण एक शब्द कळला.

"तो रंग मला आठवत नाही. त्या दिवशीही आठवत नव्हता. पण तुम्ही तीनदा विचारलंत, मेनेर. पुरुषाने तीनदा विचारलं की काहीतरी सांगून टाकायचं, हे मी तिथे शिकले."